कुत्रं चालते का?

आमच्या खालच्या ब्लॉकसाठी येणारा भाडेकरू पूर्वी तीनच प्रश्न विचारायचा. नळ कितव्या दिवशी येतो? लाइटचं मीटर वेगळं आहे का? कुलर बसवायला खिडकी आहे का? अकोल्यात या तीन उत्तरांवर घर भाड्यानं जातं किंवा पडून राहतं. खाली फरशी कोणती आहे, हे कुणी विचारत नसे. फरशीकडे माणसाचं लक्ष जातं ते राहायला आल्यावर, अंगठ्याला पहिली ठेच लागली की.

हल्ली चौथा प्रश्न आलाय, आणि तो पहिल्या तिघांना मागे सारून फोनवरच विचारला जातो. “काका, कुत्रं चालते का?”

सुरुवातीला मी नाही म्हणायचो. मग लक्षात आलं, की असंच नाही म्हणत राहिलो तर ब्लॉकमध्ये पालींशिवाय कुणी राहणार नाही, आणि पाली भाडं देत नाहीत. म्हणून सरसकट नकार सोडून मी एकेकाची मुलाखत घ्यायला लागलो. एकाची मांजर होती, “आणि तिला कालच चार झाली आहेत, ती मोजायची का?” असं त्याने प्रामाणिकपणे विचारलं. एका गृहस्थांना शेळी आणायची होती. आजोबांना शेळीचंच दूध लागतं, ती मुळीच आवाज करत नाही, गॅलरीत राहील. मी म्हटलं, आमच्याकडे गॅलरी नाही. ते म्हणाले, मग हॉलमध्ये. एकाकडे पोपट होता. त्याला मी १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा सांगितला, की आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात ठेवता येत नाही. तो शांतपणे म्हणाला, “ठेवला कोनं? थो स्वतःहून आला हाय, काका.”

शेवटी ब्लॉक दिला तो बदलीवर आलेल्या एका जोडप्याला. माणसं दोन, लॅब्रॅडॉर एक. वय दोन वर्षं, वजन चौतीस किलो, नाव मॅक्स. आईने नाव ऐकलं आणि तिथल्या तिथे त्याचं वऱ्हाडी करून टाकलं: मक्या.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, की गृहनिर्माण संस्थेला कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येणार नाही. आमची संस्था म्हणजे मी, आमची ही आणि आई, एवढीच असल्यामुळे ठराव पास व्हायला वेळ लागला नाही. वेळ लागला करारनाम्याला. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी करून नोंदवावा लागतो. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात तसं ५५वं कलमच आहे. अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही, ही समजूत मात्र त्या कायद्याहून जुनी आहे आणि जास्त कसोशीने पाळली जाते. आम्ही रीतसर ऑनलाइन केला. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला. मी टेकवला, त्या दोघांनी टेकवला, आणि मक्याने यंत्र हुंगून आपला पंजा पुढे केला. त्याला शेकहँड शिकवलेलं होतं. एजंट त्याच्याकडे न बघताच म्हणाला, “आधार नसेल तर नाही घेत.”

करारात मी एक कलम मुद्दाम घातलं, की पाळीव प्राण्याने फरशीचं नुकसान केल्यास ते डिपॉझिटातून कापलं जाईल. जावयाने वाचून दाखवलं, की १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातसुद्धा वाजवी वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारलेली नाही. कुत्र्याचं हॉलमध्ये धावणं वाजवी वापरात बसतं की नाही, हे मात्र इंग्रजांनी लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्या बंगल्यांत एवढी कुत्री होती, तरी.

आता फरशीबद्दल. वडिलांनी घर बांधलं तेव्हा खाली शहाबादी घातली होती. २०१९ साली मी ती उखडून दोन बाय दोनच्या चकचकीत हस्तिदंती टाइल बसवल्या, कारण भाडं वाढेल असं सगळे म्हणाले. भाडं थोडं वाढलं. टाइल इतक्या चकचकीत, की वर बघायची गरज नाही, पंख्यावरची धूळ खालीच दिसते. मागच्या पडवीत तेवढा वडिलांच्या वेळचा कोटा राहिला, कारण तिथवर पोचेस्तोवर माझे पैसे संपले होते.

तसं पाहिलं तर वऱ्हाडातलं कुठलंही घर हे फरश्यांचं भाड्याचं घरच. शहाबाद कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात. ओट्यावरचा कडप्पा आंध्रातला. कोटा राजस्थानच्या रामगंजमंडीकडचा. टाइल गुजरातेतल्या मोरबीच्या. घराखाली अस्सल अकोल्याची अशी एकच वस्तू असते, काळी माती. आणि या सगळ्या पाहुण्यांना बाहेर काढायचं तिने मनावर घेतलेलं असतं. पण तिच्याकडे मी नंतर येतो, कारण मलाही ते नंतरच कळलं.

मक्या आला त्याच संध्याकाळी घोटाळा लक्षात आला. करारात कुत्रं चालत होतं, फरशीवर चालत नव्हतं. दाराची बेल वाजली की तो स्वयंपाकघरातून निघायचा आणि दारापाशी थांबायचा. निघणं त्याच्या हातात होतं, थांबणं नव्हतं. चार पाय चार दिशांना, पोट फरशीवर, आणि चेहऱ्यावर निवडणूक हरलेल्या माणसाचा भाव. चपलांचा स्टँड दोनदा पडला, तिसऱ्यांदा त्यांनी तो उभा केलाच नाही. महिन्याभरात मक्या हॉल मधून ओलांडायचा सोडून भिंतीला अंग घासत फिरू लागला. भाडेकरूंनी चटया टाकल्या, त्या चटयांसकट घसरायचा. मी बारदाना आणून दिला. तो त्याने खाल्ला.

आमच्या गावात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, त्यामुळे ओळखीपाळखीत जनावरांचा डॉक्टर किंवा निदान डॉक्टरचा मेव्हणा सापडतोच. मला डॉक्टर सापडले. ते म्हणाले, लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड यांच्या खुब्याचा सांधा आधीच नाजूक असू शकतो. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकत राहिले, तर पुढे दुखणं वाढतं. नखं वेळेवर कापा, पंजाच्या गादीतले केस कापा, फरशी बदला. पहिली दोन कामं भाडेकरूची होती.

दुकानात जाऊन मी सांगितलं, कुत्र्यासाठी फरशी दाखवा. दुकानदाराने मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि नोकराला हाक मारली, “साहेबांना प्रीमियम दाखव.”

आधी लाकडासारखी दिसणारी लॅमिनेटची पट्टी आली. कुत्र्याच्या पायाला उबदार, असं तो म्हणाला. अकोल्यात उबदार हा शब्द कुणी विक्रीसाठी वापरावा, याचं मला कौतुक वाटलं. शिवाय लॅमिनेट म्हणजे शेवटी लाकडाचा दाबलेला भुसा. पाणी आत शिरलं की कडा फुगतात, पापडासारख्या. कुत्र्याचं पाणी बाजूला ठेवा, पण कुलरचं काय? मार्च ते जून अकोल्यातल्या प्रत्येक घरात कुलर असतो आणि प्रत्येक कुलर गळतो. न गळणारा कुलर म्हणजे त्यात पाणी भरायचं राहिलं आहे. मग विनाइल आलं. ते पाण्याला दाद देत नाही, पायाला पकड देतं, हे खरं. पण पश्चिमेच्या खिडकीतून येणाऱ्या आमच्या उन्हात चिकटवलेल्या कडा किती दिवस खाली बसतील, याची खात्री त्यालाही देता येईना, आणि एक कोपरा उचलला गेला की पुढचं मक्या बघून घेणार होता. विनाइल मी नमुना म्हणून हातभर घरी आणलं. नमुना परत द्यायचा होता, हे मक्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“नखांचे ओरखडे?” मी दुकानदाराला विचारलं. इथे त्याने मला एक खरी गोष्ट सांगितली, आणि ती सगळ्या घरमालकांनी ऐकावी अशी आहे. जर्मन खनिजशास्त्रज्ञ मोस याने १८१२ साली कठीणपणाची एक ते दहा अशी उतरंड लावली. माणसाचं नख त्यात अडीचच्या आसपास, कुत्र्याचंही तसंच. संगमरवर तीन. म्हणजे मऊ म्हणून हिणवलेला संगमरवरही नखाला भारी पडतो. मग फरशीवर ओरखडे येतात कुठून? रेतीतून. रेतीतली गारगोटी सात. ती कुत्र्याच्या पंजाला चिकटून येते, आणि त्याहून जास्त आपल्या चपलेला. समोर कुणाचं तरी बांधकाम चालू असतंच, पूर्णेच्या रेतीचा ढीग अर्ध्या रस्त्यावर असतोच, आणि आपण तो तुडवत घरात येतो. म्हणजे डिपॉझिट कापायचं तर रेतीच्या ठेकेदाराचं कापायला हवं. दारात एक जाड, खरखरीत पायपुसणं टाकलं तर निम्मी फरशी वाचते. आमच्या पायपुसण्यावर ‘सुस्वागतम्’ लिहिलेलं असल्याने आजवर त्यावर कुणी पाय पुसला नव्हता.

दुसरी भीती वासाची. याबाबत टाइल निर्दोष आहे. चांगली व्हिट्रिफाइड टाइल आपल्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. पितो तो जॉइंट. दोन निर्व्यसनी टाइलांच्या मध्ये पांढऱ्या सिमेंटची एक बारीक रेघ असते, आणि ती पडेल ते पिते. मूत्रातल्या युरियाचा जंतू अमोनिया करतात, आणि मग फिनेलच्या तीन बाटल्या ओतल्या तरी तो वास पावसाळ्यात परत येतो. त्यात अमोनियाच्याच वासाचं काही वापरून पुसलं, तर कुत्र्याला वाटतं की जागा राखीव आहे. उपाय म्हणजे इपॉक्सीचा जॉइंट. मिस्त्रीला मी हे सांगितलं तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे आदराने पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

मिस्त्री आला तो हातोडीचा दांडा घेऊन. एकेक टाइल ठोकत तो हॉलभर फिरला. मधल्या टाइल टक्क वाजल्या. पूर्वेच्या भिंतीलगतच्या दोन ओळी मडक्यासारख्या वाजल्या, आणि तिथेच मधोमध एक बारीक तडा भिंतीला समांतर गेला होता. मी त्या तड्याचा फोटो मक्याच्या नावाने आधीच काढून ठेवला होता.

“थे कुत्र्यानं नाइ केलं, भाऊ,” मिस्त्री म्हणाला. “जमीन उठून राह्यली.”

आणि मग त्याने मला माझ्याच घराखालची काळी माती समजावून सांगितली. कपाशीला जी माती सोन्यासारखी, तीच घराला सासुरवास करते. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या आपण पाहतो. घराखाली पडतात त्या दिसत नाहीत. म्हणून जाणता माणूस पायाच्या आत काळी माती काढून मुरूम भरतो, थराथराने पाणी मारून धुम्मस करतो, मग काँक्रीट, मग फरशी. वडिलांनी मुरूम भरला होता, परवडला तेवढा. अन् घराच्या चारी बाजूंनी पक्का उतार करून पाणी पायापासून दूर काढावं लागतं. कारण सगळी माती एकदम फुगली तर घर एकदम उठेल, फारसं बिघडणार नाही. एकच बाजू भिजली की तीच बाजू उठते आणि फरशी फाटते.

“या भिंतीच्या भायेर काय हाय?” त्याने विचारलं.

आम्ही बाहेर जाऊन पाहिलं. पूर्वेच्या भिंतीला लागून आमच्या हिच्या मोगऱ्याची रांग आहे. नऊ झाडं. सकाळ-संध्याकाळ पाणी, उन्हाळ्यात दुपारीही एकदा.

मिस्त्रीने मोगऱ्याकडे पाहिलं, मी मिस्त्रीकडे पाहिलं. वरच्या खिडकीतून ही आमच्याकडे पाहत होती. “कुत्र्यानंच केलं असंल, भाऊ,” मिस्त्री म्हणाला. तीस वर्षं लोकांच्या घरात काम करणारा माणूस आहे, त्याला फरशीइतकाच संसारही कळतो.

आई या सगळ्या चर्चेत भाग घेत नव्हती. बाळापूरकडच्या आमच्या जुन्या घरात शेणाने सारवलेली जमीन होती. एकदा तिने ऐकून ऐकून विचारलं, टिकाऊ म्हणजे काय पाहिजे तुले? मी म्हटलं, खराब होऊ नये अशी. ती म्हणाली, “चार ढोरं, दोन कुत्रे अन् तुम्ही पाच जन होते घरात.”

“मग जमीन खराब नाही व्हायची?”

“व्हायची ना. शनिवारी सारवत होतो.”

मी हे दुकानदाराला सांगितलं असतं, पण त्याच्याकडे शनिवार विकायला नव्हता.

निकाल लागला तो मे महिन्यात, आणि तो मक्याने लावला. २०२४चा मे अकोलेकर विसरणार नाहीत. पारा ४५.८ला टेकला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत कलम १४४ लावलं. दंगलीसाठी ठेवलेलं कलम उन्हासाठी वापरावं लागलेलं बहुधा आमचंच गाव. दुपारी चारहून जास्त माणसं रस्त्यावर जमण्याचा तसाही संभव नव्हता. एक जमला असता तरी त्याचा सत्कार झाला असता. त्या दिवसांत मक्याने सगळी फरशी तपासून पाहिली. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांच्या गादीतून, बाकीचा उकाडा जिभेने धापा टाकत बाहेर काढायचा किंवा पोट थंड जमिनीला लावून. त्यामुळे फरशीबद्दल त्याचं मत ऐकीव नसतं. हॉलमधल्या टाइलवर तो पाच मिनिटं पडला. बेडरूममध्ये पडला. मोरीच्या दारात पडला. मग मागच्या पडवीत गेला आणि वडिलांच्या वेळच्या त्या खडबडीत, कडेला तुटक्या, हिरवट कोट्यावर चारी पाय पसरून जो झोपला, तो मृगाच्या पावसापर्यंत. उठायचा तेव्हा न घसरता उठायचा. बेल वाजली तर तिथून निघून उंबऱ्यापर्यंत नीट धावत यायचा, आणि पुढे हॉल लागला की हातपाय गाळायचा.

मी पडवीत खुर्ची टाकून त्या कोट्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यावर चाळीस पावसाळे गेले होते. आईने त्यावर मिरच्या वाळवल्या, पापड लाटले, आम्ही सायकली आपटल्या. ओरखडे असतील, पण ते दगडाच्या रंगातच मिसळले होते. डबल चार्ज टाइलचा वरचा थर तीन-चार मिलिमीटरचा, खाली वेगळंच निघतं. कोटा वरपासून खालपर्यंत कोटाच. घासला की पुन्हा नवा. त्याचे दोष मला माहीत आहेत. तो चुनखडीचा दगड आहे, त्याला आंबट सोसत नाही. लिंबू सांडलं किंवा संडासचं अ‍ॅसिड पडलं की चट्टा पडतो. तेल पितो. आणि फोटोत गरीब दिसतो. हा शेवटचा दोष भाड्याच्या घरात सगळ्यात मोठा मानला जातो, कारण घर हल्ली फोटोत भाड्यानं जातं. मी २०१९ साली टाइल बसवली ती फोटोसाठीच. फोटोतलं कुत्रं घसरत नाही.

दिवाळीआधी हॉल उकरला. मुरूम भरला, धुम्मस केली, भिंतीलगत बोटभर फट सोडून ती स्कर्टिंगखाली झाकली, म्हणजे जमीन उठली तरी फरशीला सरकायला जागा राहील. वर कोटा, दोन बाय दोनचे तुकडे. मिस्त्री मशीनने घासायला बसला तेव्हा मी त्याला एकाच हातावर थांबवलं. चकाकी येऊ द्यायची नाही. त्याला ते पटेना. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला काम अर्धं ठेवायला सांगत होतं आणि पैसे पूर्ण देत होतं. “एखादी फुटली त तेवढीच काढजो,” एवढं सांगून तो गेला, आणि सहा तुकडे जास्तीचे पडवीत रचून गेला. मोगरा कुंड्यांत हलवला. का, ते मी घरात अजून सांगितलेलं नाही. उन्हाचं कारण दिलंय.

या वर्षी त्या जोडप्याची बदली झाली. मी डिपॉझिटाचा हिशेब करायला वही घेऊन खाली गेलो. हॉलमध्ये कुलरच्या लोखंडी स्टँडचे चार गंजके गोल डाग. कुलर माझाच होता. ओट्यासमोर कुकर पडून टवका गेलेली एक फरशी. भिंतीत अकरा खिळे, पैकी सात मी ठोकलेले. मक्याच्या नावासमोर लिहायला काही सापडेना. मी गुडघ्यावर बसून शोधत होतो तेव्हा तो माझ्या शेजारी येऊन पडला. उठताना मीच घसरलो, कारण वहीवर पाय पडला. डिपॉझिट पूर्ण परत केलं. आईने जाताना त्याच्या हातावर, म्हणजे पंजावर, दहाची नोट ठेवली.

तर खालचा ब्लॉक सध्या रिकामा आहे. हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पडवी. मीटर वेगळं. नळाचं काटेपूर्णेत पाणी किती त्यावर. कुलरला पश्चिमेची खिडकी, कुलर स्वतःचा आणा आणि त्याखाली काहीतरी टाका. खाली कोटा, रफ. कुत्रं चालते, मांजर चालते, पिल्लं मोजत नाही. शेळीचं समक्ष बोलू. पोपटवाल्यांनी फोन करू नये.